न दुखणारा पाय

जैतूनमावशी आमच्या ओसरीवर आली की पहिल्यांदा माझे हात मागे. आधी चार शब्द बोलावेत, विचारपूस करावी, असलं काही नाही. डोक्यावरचं गाठोडं पायरीवर टेकवायचं, पदरानं तोंड पुसायचं आणि म्हणायचं, "हात आण." मी हात पुढे केला की ती तो उलटासुलटा करून बघे, अंगठ्याखालचा मऊ भाग दाबे आणि सांगे, "वाळलीस. शाळंत खायाला घालत न्हाईत व्हय?" किंवा, "नखं खातीस अजून. कसली भीती वाटती गं तुला?" हे दुसरं मला आवडत नसे. ते खरं असे म्हणून.

ती मणेरीण होती. लोणावळ्याच्या बाजारामागे मशिदीच्या गल्लीत तिची एक खोली होती. नवरा होता तोवर तो गावोगाव बांगड्या भरत फिरे. तो गेल्यावर तेच गाठोडं तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मूलबाळ नव्हतं. वलवण, भुशी ही जवळची गावं ती सकाळी निघून जेवणवेळेपर्यंत करी. लांबचं वडिवळं असलं की कामशेतपर्यंत गाडी आणि पुढे पायी. वाटेत चिखल लागला की वहाणा काढून गाठोड्यात खोचायची आणि अनवाणी चालायची. वहाण चिखलात रुतते आणि अंगठा तुटतो, असं तिचं म्हणणं.

मी पुण्याला इंग्रजी शाळेत होते, तिथंच राहायला. शाळेत बांगड्या चालत नसत. सुटीत मावशी माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरे आणि शाळा सुरू झाली की तिथल्या बाई साबण लावून त्या उतरवत. पुढच्या सुटीत माझे मोकळे हात पाहून मावशीचा चेहरा बदले. एकदा ती सरळ म्हणाली, "माजा नवरा गेला म्हून माजं हात मोकळं. तुजं कोण गेलंय?"

"मावशी, काय बोलता हे! पोर आहे ती," आई घाईनं म्हणाली.

"मंग पोरीनं सांगावं की त्या मडमेला. बोल गं. का इंग्रजीत बी अशीच गप ऱ्हातीस?"

मी इंग्रजीतही अशीच गप्प राहत असे. पण ते मी तिला सांगितलं नाही. मी हात पुढे केला, तिनं तो आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "ढिला सोड. बांगडीला घाबरल्यालं हाड कळतं."

बांगड्या भरताना एखादी फुटायचीच. तेव्हा मावशीचं बोलणं थांबे. ती हात उजेडाकडे वळवी, पाण्यानं धुई, नखानं कातडी ताणून बघे. बारीक ठिपका जरी लाल दिसला तरी त्या बाईला उठू देत नसे. "थांब. काच गप बसत न्हाई. आज दिसंना म्हून सोडली की चार दिसांत पू करती," ती म्हणे. फुटलेले तुकडे ती एका पत्र्याच्या डबीत गोळा करी. कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून परतताना नदीच्या डोहात टाकी. एखादी नवी नवरी रडत असली, सासू घाई करत असली, तरी मावशीचं नख त्या मनगटावरून हलत नसे. आई म्हणायची, तुझे बाबा डॉक्टर आहेत, पण इतका वेळ तेसुद्धा एका जखमेकडे बघत नाहीत.

बाबांचा दवाखाना आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत होता. शाळेची शेवटची परीक्षा देऊन मी कायमची घरी आले, तेव्हा बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. तिथं मला बोलावं लागत नसे. तिथंच एकदा मावशी स्वतःसाठी आली. सारखी तहान लागते, रात्रंदिवस उठावं लागतं, आणि मोरीत मुंग्या जमतात, असं तिनं खाली बघत सांगितलं. बाबांनी परीक्षानळीतलं निळं औषध स्पिरिटच्या दिव्यावर धरलं, त्यात तिनं आणून दिलेल्या लघवीचे काही थेंब टाकले आणि पुन्हा तापवलं. निळा रंग आधी हिरवा झाला, मग विटकरी.

मावशी टक लावून बघत होती. "ह्यो रंग बाजारात आला तर लय खपंल," ती म्हणाली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी तिला मधुमेह म्हणजे काय ते सांगितलं. गूळ बंद, साखर बंद, भात अगदी थोडा. यावर ती चिडली. "मावळात ऱ्हाऊन भात सोडू? आन् गावात शिरलं की घरटी गुळाचा च्या पुढं येतो, तो काय वतून देऊ?" मग बाबांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना ते खुर्ची पुढे ओढून बसले.

"मावशी, हा आजार पायांची जाणीव घालवतो. काटा रुतला, ठेच लागली, तरी कळत नाही. आणि अशा माणसाची जखम बरी व्हायलाही वेळ लागतो, सडायला मात्र लागत नाही. रोज घरी गेल्यावर पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि तळवा बघायचा. अनवाणी चालायचं नाही. ओरखडा दिसला, फोड दिसला, तरी त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. दुखो न दुखो."

"दुकत नसंल तर कशापायी येऊ? डाक्टर काय पावना हाय व्हय, सजावारी भेटायला?"

"दुखत नसेल तर आधी यायचं."

मावशीनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. बाबांचं डोकं जरा फिरलंय, असा त्याचा अर्थ होता. लोणावळ्यात असली की ती इन्शुलिनची सुई टोचून घ्यायला येई. गावं फिरायला गेली की तिचं औषध आमच्या कपाटात पडून राही. मोरीतल्या मुंग्या कमी झाल्या, तेवढ्यावर तिला आपण बऱ्या झालो असं वाटलं.

मी घरी आले त्याच वर्षीची गोष्ट. लढाईमुळे जपानी बांगडी बाजारात यायची बंद झाली होती आणि मावशीकडे साध्या हिरव्या बांगड्यांच्या माळाच तेवढ्या होत्या. आषाढ संपत आला होता. वडिवळ्याच्या शेवंताबाईंच्या सासऱ्यांना बघायला बाबांना बोलावणं आलं, आणि त्यांची बॅग धरायला मी बरोबर गेले. शेवंताबाई म्हणजे तिथल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरातली कर्ती सून, अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून. आम्ही पोचलो तर पडवीत मावशी बसलेली, आणि भोवती भाताची लावणी आटपून आलेल्या बायका.

लावणीनंतर त्या भागातल्या कुठल्याच बाईच्या हातात धड बांगडी नसते. चिखलात रोपं खोचताना, रोपांच्या जुड्या, म्हणजे आवा, बांधताना सगळ्या वाढतात, फुटून जातात. मग नागपंचमीला वारुळाला जायचं तर हात भरलेले हवेत. म्हणून पंचमीच्या आधी मणेरणीनं घरोघर पोचायलाच हवं. ती आली नाही तर त्या गावच्या सवाष्णींनी मोकळ्या हातांनी पूजा करायची का? हे मावशीला तिच्या नवऱ्यानं शिकवलं होतं आणि तिनं ते नमाजासारखं पाळलं होतं. बांगड्या भरून झाल्या की थोरामोठ्यांच्या घरच्या बायका तिला वाकून नमस्कार करत. आणि तिचा चहाचा कप पडवीच्या वळचणीला वेगळा पालथा घातलेला असे. ती स्वतःच तो काढी, धुई आणि पुढे धरी. मी त्या कपाकडे बघत होते, तर मावशी हळूच म्हणाली, "बगू नगं तिकडं. हात माज्या हातात देत्यात का न्हाई?"

बायकांची बडबड चालली होती. सगळ्यांच्या पायांच्या बेचक्या पाण्यानं कुजून पांढऱ्याफटक झाल्या होत्या. त्यांना तिकडे चिखल्या म्हणतात. कुणी मेंदी थापली होती, कुणी गाडीच्या चाकाचं काळं वंगण. शेवंताबाईंचं लक्ष मावशीच्या पायाकडे गेलं.

"मावशे, तुला बी चिखल्या? तू कवा लावणीला आलतीस गं?"

"तुमच्याच बांदावरनं चालती न्हवं का मी?"

"आग हुती का लय? मला तर रातीला झोप न्हाई."

"न्हाई बाई. मला कदी आगच हुत न्हाई. कातडंच राकट हाय माजं," मावशी अभिमानानं म्हणाली, आणि बायकांनी कौतुकानं माना हलवल्या.

बाबा सासऱ्यांना तपासून बाहेर येत होते. ते वाक्य त्यांच्या कानावर पडलं आणि ते उंबऱ्यातच थांबले. "मावशी, पाय दाखवा," ते म्हणाले.

तिनं झटकन पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "हितं? चारचौघींत? आन् तुमी माज्या पायाला हात लावनार? पाप लागंल मला."

"मग आमच्याबरोबर चला. गाडी आहे. दवाखान्यात बघतो."

"पंचमी हू द्या. थोडीच गावं ऱ्हायलीत."

"डागदर, चिखल्याच त्या," शेवंताबाई मध्ये पडल्या. "आमच्या समद्यांच्याच हायत. दसऱ्याला चिखल वाळला की जात्यात. चिखल्यांपायी कोण डागदराकडं जातंय?"

बायका हसल्या. त्यांचं चुकत होतं असं कुणाला वाटलं असतं? पिढ्यानपिढ्या त्या पायांना चिखल्या होत होत्या आणि दसऱ्याला जात होत्या. बाबा कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "तुमच्या दुखतात म्हणून मला काळजी नाही. हिच्या दुखत नाहीत!" बायका एकमेकींच्या पायांकडे बघू लागल्या. मावशीला मात्र चारचौघींत बोलणं बसल्याचं वाईट वाटलं. ती खाली मान घालून माळ सोडवत राहिली. "पंचमी झाली की सरळ तुमच्याच दारात येती, मग तर झालं?" ती म्हणाली. बाबांनी कोरडं कापड आणि भुकटीची पुडी तिच्या हातात दिली. तिनं ती गाठोड्यात, बांगड्या फुटू नयेत म्हणून ठेवलेल्या गवतात खोचली.

ती आली, दिल्या शब्दाप्रमाणे. पंचमी झाल्यावर, सकाळी, रिकामं गाठोडं घेऊन. ओसरीवर बसली आणि म्हणाली, "हात आण." मी हात दिला. तिचा तळवा भाजत होता. आणि एक वास आला, गोडसर, कुजका. ती पायरी चढून आली होती त्या फरशीवर एकाच पावलाचे ओले ठसे उमटले होते, आणि ते पाण्याचे नव्हते. मी उठून बाबांना हाक मारली. माझा आवाज इतका मोठा निघाला की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

या वेळी मावशीनं पाय ओढून घेतला नाही. बाबांनी तो स्टुलावर घेतला आणि मी पाण्याचं तसराळं धरलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. पाऊल घोट्यापर्यंत सुजून चकाकत होतं, आणि त्याच्या वर पोटरीकडे एक लाल रेघ गेली होती. तळव्याला, बोटांच्या मुळाशी, एक भोक होतं. बाबांनी त्यात सळई घातली. ती आत गेली, आणखी आत गेली. मी मान फिरवली. मावशी मात्र आईला वडिवळ्याच्या गमती सांगत होती, कुणाच्या सुनेचा हात किती मऊ, कुणी जुन्याच बांगड्यांवर भागवलं. तिला कळतच नव्हतं.

मग चिमट्याला काहीतरी लागलं. बाबांनी ते बाहेर काढून धुतलं. तांदळाच्या कणीएवढी हिरवी काच.

मावशी बोलायची थांबली. तिनं तळहात पुढे केला, बाबांनी काच त्यावर ठेवली. ती तिनं उजेडाकडे धरली, नखानं उलटली.

"आपलाच माल हाय, डाक्टर," ती म्हणाली. मग हळू, "दुकलं असतं तर मी त्याच दिशी काडली असती."

त्याच दिवशीच्या गाडीनं बाबा तिला पुण्याच्या इस्पितळात घेऊन गेले. तिथं आधी पाऊल कापलं, मग विष वर चढत गेलं म्हणून गुडघ्याच्या वरून पाय. तो कापू द्यायला ती तयार नव्हती. बाबांनी सांगितलं, पाय ठेवाल तर जीव राहणार नाही. ती म्हणाली, "पायाबिगर मणेरीण म्हंजी काय, ते तरी सांगा." बाबांनी संमतीचा कागद पुढे केला, तेव्हा तिनं त्यावर अंगठा उठवला.

दिवाळीनंतर ती परत आली, काखेत कुबडी घेऊन. एवढीशी झाली होती. आम्ही तिच्या खोलीत गेलो तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती आणि उरलेल्या पायाचा तळवा हातआरशात बघत होती. मला बघून म्हणाली, "ये." मी सवयीनं हात पुढे केला. ती म्हणाली, "हात ऱ्हाऊ दे. पाय दाव."

तेव्हापासून तिचा हा नवा नेम झाला. आठवड्याच्या बाजाराला आलेल्या गावच्या बायका तिच्या उंबऱ्यापाशी बांगड्या भरायला येत, आणि ती त्यांचे हात घेण्याआधी पाय मागे. बायका लाजत, हसत, मागे सरत. "मावशे, तू वडीलधारी, आमच्या पायाला हात लावतीस?" मावशी ऐकत नसे. ती पाऊल आपल्या एका मांडीवर घेई, ओल्या फडक्यानं पुशी, बोटं एकेक करून उघडी, आणि विचारी, "हितं लागतंय? हितं? डोळं मिट आन् सांग." जिला लागत नसे तिला ती बांगड्या भरत नसे. "आधी डाक्टरकडं जा. चिठ्ठी नगं, पैसा नगं, मावशीनं धाडलंय म्हून सांग. मग ये, तुजं हात भरती." शेवंताबाई अशाच आल्या. त्यांना सारखी तहान लागत होती, आणि उजव्या पायाच्या दोन बोटांना मावशीचं नख कळलं नव्हतं. निळं औषध पुन्हा विटकरी झालं. शेवंताबाई दवाखान्यात मोठ्यानं रडल्या, आणि त्यानंतर पायात वहाण घातल्याशिवाय त्यांना कुणी बघितलं नाही.

एकदा मी मावशीला विचारलं. मी आपण होऊन तिला काही विचारलं असं बहुधा तेवढंच. म्हटलं, "मावशी, बाबांचं ऐकलं नाही, याचं वाईट वाटतं का?"

ती पत्र्याच्या डबीतले तुकडे हलवत होती. "तुज्या बाबांनी दोन येळा सांगितलं. मी दोन्ही येळा मनावर घेतलं न्हाई," ती म्हणाली. "मला वाटायचं, पाय माजा हाय, त्याला काय झालं तर तो मला सांगंल की. त्यो बोलायचा थांबलाय, हे मला कसं कळावं? न बोलनाऱ्या मानसाकडं आपुन जास्त बगावं, व्हय ना?" आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

कापलेल्या पायाचं टोक कधी पुरतं भरून आलं नाही. बाबा रोज जात, धुऊन पट्टी बांधत. उन्हाळ्यात इन्शुलिन मुंबईहून वेळेवर येईना. लढाईच्या दिवसांत औषधं अशीच अडत. पुढच्या आषाढात तिला ताप भरला. शेवटच्या दिवसांत तिला भास होत. ती उठून बसे आणि म्हणे, गाठोडं द्या, पंचमी आली, बाया वाट बगत असतील. गल्लीतल्या बायका तिला धरून निजवत. मी गेले तेव्हा तिनं मला ओळखलं की नाही, मला माहीत नाही. तिनं माझा हात हातात घेतला, अंगठ्याखाली दाबला आणि बोटं तशीच ठेवून डोळे मिटले. तिचा हात मग मलाच सोडवावा लागला. दुसऱ्या दिवशी ती गेली.

दफनानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी दवाखान्यात चिठ्ठ्या चिकटवत होते. बाहेर पाऊस होता. दारात शेवंताबाई आल्या. वहाणा बाहेर काढल्या आणि उजवा पाय उचलून पायरीवर ठेवला. त्यांचे हात मोकळे होते. लावणी नुकतीच संपली होती.

"डागदर, बगा," त्या म्हणाल्या. "मावशी गेली. आता पाय कोण बगनार?"

बाबा उठले, पायरीपाशी उकिडवे बसले. मी पाण्याचं तसराळं आणलं. त्यांनी पाऊल धुतलं, बेचक्या उघडून बघितल्या, तळवा उजेडाकडे वळवला, बराच वेळ बघितला.

"काही नाही. चिखल्याच आहेत," ते म्हणाले.

शेवंताबाईंनी मान हलवली. "व्हय," त्या म्हणाल्या, "पर बगितल्याबिगर कसं कळंल?" आणि त्यांनी दुसरा पाय पुढे केला.